दुसरा फटका

७ सप्टेंबर

शांतू, सलाम.

वकील म्हणाले, आत पत्र पोचतं, फक्त आधी उघडून वाचतात. वाचू देत. फोनवर तू बोलतोस आणि मी ऐकते, समोर असलास तरी तेच. कागदावर तुला मध्ये बोलता येत नाही, म्हणून लिहायला बसले. माझी शाळा सातवीपर्यंतची, चुकलंमाकलं समजून घे.

मी बरी आहे. कँटीनला पहिल्या शिफ्टला जाते. चाकणच्या बसमध्ये बायका आधी माझ्याशेजारची जागा धरायच्या, आता जरा लांब बसतात. तेही होईल कमी. पिंकी शाळेत जाते. रात्री मात्र कॉटखाली झोपते. वर निजवली तरी मध्येच उतरते. आता मी गोधडीच खाली घालून ठेवते.

करिष्मा लातूरला गेलीय, भावाकडे. मनगट प्लास्टरमध्ये आहे. कपाळाचे टाके काढले. डाव्या कानाला ऐकू कमी येतं, डॉक्टर म्हणाले बघू. तू तिची चौकशी केली नव्हतीस, तरी लिहिते.

तू निरोपात विचारलंस की तालीम चालू आहे का. चालू आहे. हे पत्र वाचणाऱ्या साहेबांना कळावं म्हणून सांगते, आमच्या काळेवाडीच्या चर्चमध्ये नाताळासाठी गाण्यांचं नाटक बसवतायत. रंगराव साळवे म्हणून आमचे पेटीवाले आहेत, त्यांनीच लिहिलंय. गावाकडून आलेलं एक कुटुंब एका खोलीत राहतं, बापाची कंपनी बंद पडते, घरात भांडणं होतात, शेवटी सगळे एकत्र बसून गातात. बापाचं काम माझ्या मुलाकडे होतं, आईचं माझ्या सुनेकडे, आणि धाकटी मुलगी म्हणजे आमची पिंकीच. लोक म्हणायचे, साळव्यांना दुसरीकडे शोधायलाच लागलं नाही, अख्खं घर एका दारात मिळालं.

शांतू, त्या शुक्रवारी काय झालं ते तू वकिलांना निराळंच सांगितलंस म्हणे. तिने दूध उतू घालवलं म्हणून तुला राग आला. दूध नव्हतंच घरात. झालं एवढंच की तुमचं दोघांचं गाणं चालू असताना रंगरावांनी पेटी थांबवली आणि म्हणाले, "शांतवन, जरा हळू घे. तिचा आवाज बुडतोय." तू हसलास. आम्हीपण हसलो. मग तू तिला आणि पिंकीला गाडीवर बसवून पुढे निघालास. मी मागून तुझ्या शालनआत्यांबरोबर रिक्षाने आले.

मी आले तेव्हा दार आतून बंद होतं. आतून कुकरचं झाकण आपटल्यासारखा आवाज येत होता. झाकण फरशीवर आपटलं की वेगळं वाजतं. मी दार वाजवलं. तू आतून म्हणालास, "आई, तालीम चालूय."

ते तुझं वाक्य माझ्या कानातून जात नाही.

पोलिसांना फोन कुणी केला, हे तू सारखं विचारतोयस असं वकील म्हणाले. त्याचं आता काय करायचंय? चाळ भरलेली आहे, कुणीही केला असेल. तू ते डोक्यातून काढून टाक. जेवत जा.

तुझी आई


२८ सप्टेंबर

शांतू,

गणराज तुला भेटून आला आणि त्याने तुला सगळं सांगितलं. मित्र आहे तुझा, सांगणारच. तुझी चिठ्ठी मिळाली. त्यातले शब्द मी परत लिहीत नाही. फोन कुणी केला हे परत विचारलंस, त्याचंही उत्तर देत नाही.

होय, मी खोटं लिहिलं होतं. करिष्मा लातूरला गेली होती, पण राहिली नाही. तिच्या भावाने पहिल्या दिवशी जेवू घातलं आणि दुसऱ्या दिवशी म्हणाला, नवऱ्याशी मिटवून घे, आमच्याही मुलींची लग्नं व्हायचीयत. ती एसटीत बसून सरळ माझ्याकडे आली. दारात उभी राहिली, पिशवी खाली ठेवली नाही. मी आत ये म्हटल्यावर ठेवली. तेव्हापासून इथेच आहे. पिंकी तिच्याजवळ झोपते, पण कॉटखालीच. दोघी खाली झोपतात.

आणि होय, ती तालमीला येते. तिला कुणी ओढून नेलं नाही. मीच म्हटलं होतं, लोक तोंडाकडे बघतील, नको जाऊस. ती म्हणाली, "आत्या, घरात बसले की मला तेच झाकण ऐकू येतं. तिकडे निदान पेटी ऐकू येते."

बापाचं काम आता समोरच्या नवनाथकडे आहे. तू लिहिलंस तसं काही नाही. तो आधी ढोलकी वाजवायचा हे तुलाच माहीत आहे. तुझ्याच बरोबर वाजवायचा. आपल्या धर्माचा नाही, तरी दर रविवारी येऊन साथ करायचा, तेव्हा तूच त्याला भाऊ म्हणायचास. त्याची बायको स्नेहल बाळाला मांडीवर घेऊन प्रत्येक तालमीला समोर बसलेली असते. त्याला धड सूर धरता येत नाही. रंगराव डोक्याला हात लावतात. पण दुसरं कोणी मिळालं नाही, म्हणून तो करतोय.

तुला एक सांगते. नाटकात तो प्रसंग आहे ना, कंपनी बंद झाल्यावर बाप जेवणाचं ताट आपटतो तो. तू करायचास तेव्हा पोरं टाळ्या वाजवायची. आता नवनाथने पहिल्यांदा ताट आपटलं, तर करिष्मा दोन्ही हात डोक्यावर घेऊन खालीच बसली आणि पिंकी टेबलाखाली शिरली. सगळ्यांची तोंडं उतरली. नवनाथ ताट हातात घेऊन नुसता उभा. रंगराव म्हणाले, हा प्रसंग काढून टाकतो, त्याच्यावाचून नाटक अडत नाही.

करिष्मा उठली. म्हणाली, "काढू नका, काका. मला तिथं उभं राहायचंय."

मग तिने नवनाथला परत आपटायला लावलं. ती परत बसली. परत लावलं. शालनआत्या उठून बाहेर गेल्या, त्यांना बघवेना. मी बसून राहिले. ताटाच्या कडेला पोचा आला. शेवटी शेवटी तिचे नुसते डोळे मिटायचे, अंग हलत नव्हतं. त्यानंतर तिने पिंकीला टेबलाखालून बाहेर काढलं आणि जवळ उभं केलं.

तू तिथं असायला हवा होतास, असं लिहिणार होते. नको होतास.

आई


१९ ऑक्टोबर

शांतू, सलाम.

जामीन झाला, बरं झालं. आत असताना अंगावर उठलेले ते चट्टे दाखव कुणाला तरी. गणराजच्या खोलीवर म्हाळुंग्याला राहतोस, तिथून माझं कँटीन जवळ आहे, म्हणून डबा पाठवते. भाकरी आणि सुकटीची चटणी आहे. गणराज म्हणाला, आवडीने खाल्लंस.

कोर्टाने काळेवाडीत पाय ठेवायचा नाही असं सांगितलंय. ते पाळ. वकिलांनी मला समोर बसवून सांगितलंय, एकदा जरी दिसलास तरी परत आत.

परवा तू फोन केलास तेव्हा मी पिंकीला दिला. तू तिला नाटकातलं गाणं म्हणून दाखवलंस, सगळंच्या सगळं, दोन्ही कडवी. स्पीकरवर होतं. खरं सांगते, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तसा आवाज आख्ख्या पिंपरीत नाही. तुझ्या बाबांचा होता तो आवाज. दारूनं गेला. करिष्मा ओट्याशी पाठमोरी उभी होती. तिचा हात चिरायचा थांबला. मला वाटलं, वळेल आणि काहीतरी बोलेल. तू गाणं संपवलंस आणि म्हणालास, "पिंके, त्या नवनाथला सांग, ढोलकी वाजवायचे हात सांभाळून ठेव."

पिंकीने फोन माझ्या हातात दिला आणि कॉटखाली गेली. दुपारची वेळ होती.

रंगरावांना तुझा निरोप दिला. तू माफी मागायला तयार आहेस, तुझं काम तुला परत द्यावं. ते बराच वेळ पेटीच्या भात्याशी खेळत बसले. मग म्हणाले, "कुसुमताई, त्याच्यासारखा गळा मला परत मिळायचा नाही. पण तो मला हॉलमध्ये नको." असंच म्हणाले. मी काही वाढवून सांगत नाही, कमीही करत नाही.

फोनचं परत विचारलंस. शांतू, ते सोड. नवनाथने केला, असं तुझ्या डोक्यात कुणी घातलं? तो त्या दिवशी सेकंड शिफ्टला होता की घरी होता, मला माहीत नाही. मी बघायला गेले नव्हते. तू कामाला लाग. गणराजच्या कंपनीत लेबर घेतायत म्हणे. हाताला काम लागलं की डोकं शांत राहतं.

स्वेटर डब्याच्या पिशवीत आहे.

आई


१८ नोव्हेंबर

शांतू,

तुझ्या वकिलांनी लिहून दिलंय की त्या रविवारचं तुला काही आठवत नाही, तू डोकं दुखतं म्हणून गोळी घेतली होतीस. तुला आठवत नसेल तर मी सांगते. मी सगळं बघितलं.

उपासना झाल्यावर लोक घरी गेले, आम्ही तालमीला थांबलो. पोरांनी बाकं बाजूला सारली होती. खालचं वेल्डिंगचं दुकान बंद होतं, त्यामुळे जिन्यावर पाय वाजले तर ऐकू आलं असतं. आलं नाही. म्हणजे तू चपला हातात घेऊन आलास.

करिष्माचं गाणं चालू होतं. आईचं, सकाळी सगळ्यांचे डबे भरतानाचं. ते संपलं की बाप सूर धरतो. नवनाथने तोंड उघडलं आणि मागच्या बाकावरून तुझा आवाज आला. तू बसून गात होतास. मांडीवर वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी होतं. मला पहिल्यांदा वाटलं, फुलं आणलीस.

पेटी थांबली. सगळे थांबले. तू एकटाच गात राहिलास, डोळे मिटून, शेवटच्या ओळीपर्यंत. इतकं सुंदर म्हटलंस की कुणी हललं नाही. आम्ही तिथेच चुकलो, तेवढ्या वेळात पोरांना घेऊन खाली जाता आलं असतं.

मग तू उठलास आणि वर्तमानपत्र काढून नीट घडी घालून बाकावर ठेवलंस. आत पाईप होता. नवनाथजवळ जाऊन तू विचारलंस, "फोन तूच केलास ना?"

तो म्हणाला, "नाही, भाऊ."

तू त्याच्या गुडघ्यावर मारलंस. तो पडला. हात टेकून उठायला गेला, तेव्हा तू त्याच्या टेकलेल्या हातावर मारलंस, उजव्या. परत तिथेच मारलंस. हाडाचा आवाज मला कुकरच्या झाकणासारखा नाही वाटला, सुक्या काटकीसारखा वाटला. स्नेहल बाळाला छातीशी धरून भिंतीला चिकटली होती. रंगराव मध्ये आले, तू त्यांना ढकललंस आणि पेटी उचलून जमिनीवर आपटलीस. पट्ट्या सगळ्या हॉलभर उडाल्या. सत्तरीचा माणूस तो, रांगत पट्ट्या गोळा करायला लागला. घाबरल्यावर माणूस काहीही करतो.

करिष्मा पळाली नाही. पिंकीला मागे घेऊन उभी राहिली. तू तिचे केस धरायला पाईप खाली टाकलास, कारण तुला दोन्ही हात हवे होते. एका हाताने केस आणि दुसऱ्याने तेच मनगट, जे नुकतं प्लास्टरमधून निघालं होतं. ते पिळलंस. ती ओरडली नाही. ती सारखं एकच म्हणत होती, "पिंकी, आजीकडे जा."

पिंकी माझ्याकडे येत होती. तिच्या आणि माझ्या मध्ये पाईप पडला होता.

शांतू, तुझ्या बाबांनी मला एकोणीस वर्षं मारलं. पट्ट्याने, चपलेने, एकदा चालू स्टोव्हवरच्या पातेल्याने. मी त्यांच्यावर कधी हात उचलला नाही. तुला मी कधी चापट मारली असेल तर आठवत नाही. पाईप उचलला तेव्हा तो गरम होता, तुझ्या हातामुळे.

पहिला फटका तुझ्या खांद्यावर बसला. तू केस सोडलेस, वळून बघितलंस आणि म्हणालास, "आई?" मग गुडघ्यावर बसलास. करिष्मा सुटली होती. रंगराव आणि पोरं तुला धरायला येत होती. दुसरा फटका मारायची गरज नव्हती.

तो मी मारला. तुझा हात त्यानेच मोडला.

आता दुसरं सांगते. संध्याकाळी संत तुकाराम नगरच्या दवाखान्यात नवनाथला ऑपरेशनला आत नेलं होतं. स्नेहल बाहेर बाकावर होती. तिच्या दुपट्ट्याला त्याचं रक्त लागून वाळलं होतं. मी शेजारी बसले. तिने माझ्याकडे न बघता विचारलं, "कुसुमताई, तुम्ही त्याला सांगितलं का नाही, फोन तुम्ही केला होता म्हणून?"

तिला माहीत होतं. त्या शुक्रवारी मी तिच्याच दारात उभी राहून, तिच्याच फोनवरून केला होता. माझा फोन पर्समध्ये होता, पण हात इतके थरथरत होते की बटणं दाबली जाईनात. नंबर तिने लावला. बोलले मी. म्हटलं, माझा मुलगा माझ्या सुनेला मारून टाकतोय, लवकर या.

तू तीनदा विचारलंस आणि मी तीनदा टाळलं. मला वाटलं, कळलं तर तू मला टाकशील. तू त्याचा हात मोडलास.

फोन मी केला होता, शांतू. परत वेळ आली तर परत करीन.

आई


९ डिसेंबर

शांतू, सलाम.

हात कसा आहे? प्लास्टर भिजवू नकोस. आंघोळीला प्लास्टिकची पिशवी बांधून घे, तिथे मागितली तर देतील.

इथे गेले पंधरा-वीस दिवस माणसांची ये-जा चालू आहे. तुझ्या शालनआत्या पास्टरांना घेऊन आल्या. पास्टरांनी प्रार्थना केली, चांगली केली. मग म्हणाले, क्षमा ही आपल्या विश्वासाची मुळी आहे, आणि चर्चचं नाव पेपरात आलं तर ज्यांच्या डोळ्यांत आपण आधीच सलतो, त्यांना निमित्त मिळेल. त्यांचं भय खोटं नाही. मी चहा ठेवला. आत्या म्हणाल्या, सांग की झटापटीत जिन्यावरून पडले सगळे. नवनाथचं बघू, त्याला समजावू. मी म्हटलं, त्याच्या बोटांत तारा घातल्यात, त्याला काय समजावणार?

आत्यांचा आवाज चढला. "आईनंच पोराला फासावर द्यायचं का?"

करिष्मा आत होती. ती बाहेर आली नाही, पण भांड्यांचा आवाज थांबला. मी म्हटलं, "फाशी नाही होत याला. आणि मी त्याला देत नाही कुठे. तो जिथे गेलाय, तिथे आपल्या पायांनी गेलाय. चपला हातात घेऊन."

आत्या चहा न पिता गेल्या. पास्टर थांबले. जाताना पिंकीच्या डोक्यावर हात ठेवायला गेले, ती मागे सरली. त्यांनी हात तसाच खाली घेतला आणि मला म्हणाले, तुम्हाला जे खरं वाटतं तेच सांगा, ताई. मी हे आधीच म्हणायला हवं होतं.

मग मॅजिस्ट्रेटसमोर जबाब झाला. तुझे वकील दोनदा घरी येऊन गेले होते. भले आहेत. म्हणाले, पहिल्या फटक्याचं सांगा, तो सुनेला वाचवायला होता, कायदा तुमच्या बाजूने आहे. दुसऱ्याचं बोलू नका. तुमच्यावरच गुन्हा लागेल, या वयात कशाला ओढवून घेता. त्या गडबडीत कुणी मोजत नव्हतं.

मी दोन्ही सांगितले.

मॅजिस्ट्रेट बाई होत्या, माझ्याहून लहान. त्यांनी टाइप करणाऱ्याला थांबवलं आणि मला विचारलं, "आजी, तो खाली बसला होता म्हणता. मग दुसरा का मारला?"

मी म्हटलं, "पहिला करिष्मासाठी होता. दुसरा माझा होता."

त्या टाइप करणाऱ्याकडे वळल्या. मग म्हणाल्या, "लिहा." आणि त्याने लिहिलं.

माझ्यावर गुन्हा लागला तर लागू दे. तुझ्यावर हात टाकल्याचं मला वाईट वाटतं का, तर वाटतं, रोज पोळ्या लाटताना वाटतं. खोटं बोलण्याइतकं मात्र वाटत नाही.

तुझ्या जामिनाच्या तारखेला मी कोर्टात होते. तू स्क्रीनवर दिसलास. मला वाटलं होतं, समोर आणतील. दाढी वाढलीय. तू सारखा खाली बघत होतास, कॅमेरा कुठे आहे तुला कळत नव्हतं बहुतेक. साहेबांनी नाव विचारलं, तू सांगितलंस, इतकं हळू की त्यांनी परत विचारलं. मी हात वर केला होता. तुला दिसले का नाही, माहीत नाही. जामीन रद्द झाला तेव्हा तू मान हलवलीस, जणू कुणी बसची वेळ सांगितली.

माझ्याशेजारी करिष्मा होती. तुला वाटत असेल ती खूश झाली. तिला बाहेर येऊन ओकारी झाली. मी तिची पाठ चोळली.

आई


२८ डिसेंबर

शांतू,

नाताळ झाला. तुमच्याकडे बाहेरचे लोक येऊन गाणी म्हणून गेले असं ऐकलं. तू म्हटलंस का? म्हटलं असशील तर बरं.

आमचं नाटक झालं. होईल असं कुणालाच वाटलं नव्हतं. पेटी नव्हती. रंगराव त्या रविवारनंतर हॉलमध्ये पायच ठेवेनात, हात कापतात म्हणायचे. मग संत तुकाराम नगरच्या भजनी मंडळाचे दत्तोबा एक दिवस त्यांच्या मंडळाची पेटी खांद्यावर घेऊन जिना चढून आले. ते नवनाथच्या ओळखीचे, दर एकादशीला देहूला जाणारे माळकरी. म्हणाले, वाजवायला माणूस असताना पेटी बंद ठेवू नये. रंगराव तिच्यापाशी बसले आणि लहान पोरासारखे रडले. दुसऱ्या दिवसापासून तालीम सुरू झाली.

नवनाथला उभं राहता येत नव्हतं, म्हणून बाप खुर्चीत बसलेला दाखवला. उजवा हात गळ्यात. ढोलकी तो पुन्हा वाजवेल की नाही, डॉक्टर काही बोलत नाहीत. कंपनीतलं प्रेस मशीनवरचं काम तर गेलंच. स्नेहल आता माझ्याबरोबर कँटीनला येते. माझ्याशी बोलते, पण कामापुरतंच. मी तिच्याकडून जास्त मागत नाही.

हॉल भरला होता. आपले लोक होतेच, चाळीतलेही आले. शालनआत्या शेवटच्या बाकावर येऊन बसल्या. करिष्माचा आवाज सुरुवातीला लागेना. डाव्या कानाने ऐकू येत नाही, त्यामुळे पेटी उजव्या कानाकडे येईल अशी उभी राहिली होती. मग लागला. शांतू, ती अशी गाते हे आपल्याला माहीत नव्हतं. तुझ्या शेजारी उभी राहून ती किती दाबून म्हणायची, ते त्या दिवशी कळलं. नवनाथ नेहमीसारखा बेसूर. लोकांनी मागून सूर धरला आणि त्याला सांभाळून नेलं.

पिंकीची ओळ आली, तर ती बोलेना. ती दाराकडे बघत होती. सुरुवातीपासून बघत होती, माझं लक्ष होतं तिच्याकडे. नाटकातल्या बापाकडे पाठ करून नुसती दाराकडे. आतून कुणीतरी ओळ सांगितली, तरी गप्प. लोक चुळबुळायला लागले. मग पास्टर उठले, चालत दारापर्यंत गेले, आतून कडी घातली आणि दाराला पाठ लावून उभे राहिले. पिंकी वळली आणि गायली. पूर्ण गायली. टाळ्या वाजल्या तेव्हा पास्टर तिथेच उभे होते, शेवटपर्यंत.

मी तेव्हाच ठरवलं.

आम्ही खोली बदलली आहे. मी, करिष्मा आणि पिंकी. सामान नवनाथच्या भावाच्या टेम्पोतून नेलं. गणराजला ठाऊक नाही, आत्यांना ठाऊक नाही. पिंकी आता कॉटवर झोपते, रोज नाही, पण झोपते.

पुढच्या महिन्यापासून मी मुलाखतीला येत जाईन. तुला काय हवं ते सांग, साबण, बनियन, जे नेऊ देतात ते आणीन. तू गप्प बसलास तरी बसेन, शिव्या दिल्यास तरी वेळ संपेपर्यंत बसेन. करिष्माबद्दल विचारू नकोस, मी सांगणार नाही. ज्या दिवशी सुटशील, त्या दिवशी मी जिवंत असले तर फाटकाशी असेन. तुला जेवू घालीन, अहिल्यानगरच्या गाडीत बसवीन, काकांनी तुला शेतावर ठेवायचं कबूल केलंय. गाडी हलेपर्यंत थांबेन.

मग मी घरी जाईन. माझ्या मागे येऊ नकोस, बाळा. आलास तर मी परत तोच फोन करीन.

आई